ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, आयन चॅनेल आणि सूज: एकेक कडी तोडून प्रयोग कसा बसवायचा

मागच्या उन्हाळ्यात एक पीएचडीची पोरगी लॅपटॉप घेऊन आली, परभणीकडची, मेहनती. म्हणाली, "मॅडम, पेरॉक्साइड टाकलं, आयएल-१ बीटा वाढलं. क्लोट्रिमाझोल टाकलं की कमी झालं. म्हणजे टीआरपीएम२ मुळंच सूज येते ना? तसंच लिहायलेय थिसिसमध्ये." (टीआरपीएम२ म्हणजे पेशीच्या पडद्यातलं एक आयन चॅनेल, आयन आत-बाहेर जायचा दरवाजा; क्लोट्रिमाझोल हे ते बंद करणारं औषध; आणि आयएल-१ बीटा म्हणजे सूज वाढवणारं प्रोटीन.) ग्राफ देखणा होता, एरर बार पण बारीक. पण तिला म्हणलं, बाळा, तू साखळीचं एक टोक ओढलंस आणि दुसरं टोक हललं एवढंच दिसलं, मधल्या कड्या कुठायत?

मी छत्रपती संभाजीनगरला सेल बायोलॉजी शिकवते. पोरं बीड, लातूर, धाराशिव, हिंगोलीकडून येतात, इंग्रजी पेपर वाचतात, शब्द पाठ होतात, पण हातानं करताना कुठं काय फसतं ते पेपरात नसतं, मेथडचा भाग चार ओळीत संपलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. एमएस्सीचं डिझर्टेशन करणाऱ्यांना पण चालेल.

आधी साखळी डोक्यात बसवा, मग पिपेट हातात घ्या

पेशीच्या आत आणि बाहेर आयन सारखे नसतात, सगळा खेळ याच फरकावर चालतो. पोटॅशियम आत साधारण १४० मिलिमोलर, बाहेर ५ च्या आसपास. कॅल्शियमचं उलटं, बाहेर एक ते दोन मिलिमोलर आणि आत शांत पेशीत फक्त १०० नॅनोमोलर, म्हणजे दहा हजार पटीहून जास्त फरक. धरणाच्या भिंतीसारखं समजा, नाथसागराचा एक दरवाजा वितभर उचलला तरी खाली गोदावरीत केवढं पाणी सुटतं ते पैठणच्या माणसाला सांगायला नको. चॅनेल म्हणजे तो दरवाजा, आणि तो कधी उघडायचा हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे आरओएस, म्हणजे ऑक्सिजनचे पटकन रिअॅक्शन करणारे प्रकार, हायड्रोजन पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड वगैरे मंडळी. हे पेशीत फार झाले की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

आता टीआरपीएम२ ची साखळी बघा. पेरॉक्साइड पेशीत शिरतं, बरंचसं अ‍ॅक्वापोरिनमधून. आत डीएनएला मार बसतो, दुरुस्तीला पार्प नावाचं एन्झाइम धावतं आणि एनएडी वापरून एडीपी-रायबोजच्या लांब माळा बनवतं, पार्ग नावाचं दुसरं एन्झाइम त्या माळा तोडतं आणि सुटं एडीपी-रायबोज मोकळं होतं. हे एडीपी-रायबोज टीआरपीएम२ ला आतल्या बाजूनं जाऊन चिकटतं, सोबत थोडं कॅल्शियम लागतं, आणि दरवाजा उघडतो. म्हणजे पेरॉक्साइड स्वतः दरवाजा उघडत नाही, निरोप फिरून येतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढं वेळ मोजताना हेच कामाला येणारे.

कॅल्शियम आत आलं की मोनोसाइटमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत, ईआरके आणि एनएफ-कप्पा-बी ही निरोप पोचवणारी प्रोटीन जागी होतात, आयएल-८ सारखी केमोकाइन बनतात, ती न्यूट्रोफिलला बोलावून आणतात. दुसरीकडं एनएलआरपी३ इन्फ्लमेझोम, म्हणजे सूज सुरू करणारं प्रोटीनचं यंत्र, जुळतं, कॅस्पेज-१ चालू होतं, ३१ किलोडाल्टनच्या कच्च्या आयएल-१ बीटाला कापून १७ चं पक्कं करतं, आणि गॅसडर्मिन डी पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, त्यातून ते बाहेर पडतं. एनएलआरपी३ ला सगळ्यात भरवशाचा इशारा म्हणजे पोटॅशियम बाहेर जाणं. कॅल्शियम किती गरजेचं आहे यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, त्यामुळं "कॅल्शियम वाढलं म्हणजे इन्फ्लमेझोम चालू झालं" अशी उडी मारू नका.

कोणतं चॅनेल धरायचं

आमच्या आईकडं अंबाजोगाईला ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या की खकाणा उठायचा, अख्ख्या घराला ठसका, डोळ्याला पाणी, शेजारची काकू पण दारातून खोकत यायची. त्या ठसक्यात दोन चॅनेल कामाला लागलेली असतात. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ उघडतं, जे १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबमध्ये सापडलं आणि ज्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. आणि तापलेल्या तेलाच्या धुरातलं अ‍ॅक्रोलिन टीआरपीए१ उघडतं, हेच चॅनेल मोहरीच्या तिखट तेलानं पण उघडतं. टीआरपीए१ वर सिस्टीन नावाची अमिनो आम्लं अशा जागी बसलेली आहेत की अ‍ॅक्रोलिन असो की पेरॉक्साइड, सरळ जाऊन त्यांच्यावरच रासायनिक घाव घालतं. म्हणजे इथं निरोप्या नाही, थेट दार ठोठावणं आहे. दार उघडलं की मज्जातंतूंच्या टोकातून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी बाहेर पडतं, रक्तवाहिन्या पसरतात, पाझरतात, सूज येते, आणि यात सुरुवातीला रोगप्रतिकारक पेशींचा काही संबंध पण नसतो.

मग तुमचा प्रश्न खोकला, दमा, दुखणं, त्वचेची आग यातला असेल तर टीआरपीए१ धरा आणि डॉर्सल रूट गँग्लियनचे, म्हणजे पाठीच्या कण्याजवळचे संवेदना वाहणारे, न्यूरॉन किंवा टीआरपीए१ घातलेल्या एचईके२९३ पेशी वापरा. प्रश्न मोनोसाइट-मॅक्रोफेजचा असेल तर टीआरपीएम२. पी२एक्स७ हे आरओएस ओळखणारं चॅनेल नाही, ते एटीपीनं उघडतं, पण मार खाल्लेल्या पेशी एटीपी सांडतात आणि मग पी२एक्स७ मार्गे पोटॅशियम बाहेर जायला लागतं, म्हणून तुमच्या प्रयोगात ते न बोलावता येऊन बसतं. त्याला बाहेर कसं काढायचं ते पुढं सांगते. एचव्ही१ म्हणून प्रोटॉनचं चॅनेल आहे, तेही लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

इथून पुढं मी टीआरपीएम२ आणि टीएचपी-१ पेशी धरून लिहितेय, कारण आपल्याकडं ज्या सोयी आहेत त्यात हेच जमण्यासारखं आहे.

पेशी

टीएचपी-१ ही एका वर्षाच्या मुलाच्या ल्युकेमियातून काढलेली मोनोसाइट लाइन, १९८० पासून जगभर वापरात. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या रिपॉझिटरीतून मागवता येते. मित्राच्या लॅबमधून एक व्हायल उसनी आणायचा मोह होतो, पण मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये लपून वाढणारे बारीक बॅक्टेरिया, टेस्ट केल्याशिवाय ती इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका, कारण मायकोप्लाझ्मा असेल तर पेशी आधीच भडकलेल्या असतात आणि तुमचा कंट्रोलच वर दिसतो.

या मोनोसाइटपासून मॅक्रोफेज बनवायला पीएमए नावाचं रसायन घालतात. इथं एक मोठी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, मी पण केलीय. पीएमए प्रोटीन कायनेज सी चालू करतं आणि पीकेसी एनएडीपीएच ऑक्सिडेज हे सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम चालू करतं, म्हणजे पीएमए स्वतःच आरओएस बनवून घेतं! मग ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा अभ्यास करताना पीएमए काढल्याबरोबर लगेच प्रयोग लावला तर काय मोजणार तुम्ही? पीएमए कमीत कमी डोसवर ठेवा, एक ते दोन दिवस, मग धुऊन काढा आणि साध्या मीडियात किमान एक पूर्ण दिवस आराम द्या. माझा कंट्रोल दोन महिने उंच येत होता तो या आराम न देण्यामुळं.

प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, पेशी मोजूनच टाका. पेशी पेरॉक्साइड खाऊन संपवतात, दुप्पट पेशी असल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्माच डोस. "२०० मायक्रोमोलर दिलं" एवढं लिहून भागत नाही, किती पेशींना किती आकारमानात दिलं हे पण लिहायचं.

पेरॉक्साइड मोजल्याशिवाय वापरायचं नाही

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त लिहितेय, कारण निम्मे प्रयोग इथंच मरतात.

बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ९.८ मोलर. पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, लाइट गेली की फ्रीज बंद, बाटली दहा जणांनी उघडलेली, पेरॉक्साइड हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. वर उल्लेख केला त्या पोरीची बाटली आम्ही मोजली तर निम्म्याहून खाली निघाली, आणि तिचे मार्चचे प्रयोग आणि मेचे प्रयोग एकाच ग्राफवर एकाच डोसच्या नावानं बसलेले!

मोजायची पद्धत सोपी आहे. बाटलीतून घेऊन हजारपट पातळ करा, क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २४० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स बघा, पाण्याचा ब्लँक लावून. प्लास्टिकची क्युव्हेट चालत नाही, ती २४० ला स्वतःच प्रकाश खाते. एक्स्टिंक्शन कोएफिशंट ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर धरायचा. बाटली ताजी असेल तर हजारपट पातळ केल्यावर ९.८ मिलिमोलर म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स ०.४३ च्या आसपास यायला पाहिजे. ०.२० आला तर तुमचं पेरॉक्साइड साडेचार मोलरच उरलंय, त्या हिशोबानं आकारमान बदला किंवा सरळ नवीन बाटली काढा. प्रयोगाच्या प्रत्येक दिवशी मोजा, आकडा वहीत लिहा, पातळ केलेलं उद्यासाठी ठेवू नका. आणि हो, ३० टक्क्याचं पेरॉक्साइड हातावर सांडलं तर कातडी पांढरी पडते आणि चांगलीच भाजते, ग्लोव्हज घाला, बाटलीचं हवा सुटणारं मूळ झाकण हरवलं म्हणून दुसरं कुठलं तरी गच्च झाकण लावू नका, उन्हाळ्यात आत गॅस कोंडतो.

मग मीडिया. सीरममध्ये कॅटालेज आणि अल्ब्युमिन असतं, ते पेरॉक्साइड गिळतं. बऱ्याच डीएमईएममध्ये पायरुव्हेट असतं, त्याची पेरॉक्साइडशी सरळ रिअ‍ॅक्शन होते, पेशीपर्यंत काही पोचतच नाही. आरपीएमआय-१६४० मध्ये सहसा पायरुव्हेट नसतं पण कॅल्शियम फक्त ०.४ मिलिमोलरच्या आसपास असतं, डीएमईएममध्ये १.८. म्हणून डोस देताना मी सरळ ग्लुकोज घातलेलं हँक्स किंवा एचईपीईएसचं बफर वापरायला सांगते, कॅल्शियम स्वतः मोजून घालायचं, सीरम नाही, फिनॉल रेड नाही. दोन लॅबचे निकाल जुळत नाहीत तेव्हा आधी बफर विचारा.

अजून एक. एकदम ५०० मायक्रोमोलर ओतणं म्हणजे पेशीवर बादली उपडी करण्यासारखं आहे, शरीरात पेशीच्या आत पेरॉक्साइड नॅनोमोलरमध्ये असतं. जरा हळुवार हवं असेल तर ग्लुकोज ऑक्सिडेज एन्झाइम मीडियात घाला, ते ग्लुकोजपासून संथपणे पेरॉक्साइड बनवत राहतं. रेट आधी मोजून घ्यावा लागतो, पण निकाल खूप जास्त विश्वासाचे येतात.

आपल्याकडं पाण्याचा अजून एक त्रास असतो, बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी, डिस्टिलेशनच्या कॉइलवर क्षाराचा थर बसलेला. क्षार तरी दिसतो, पण पाण्यात मेलेल्या बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन असेल तर दिसत नाही आणि ऑटोक्लेव्हनं जात नाही. एंडोटॉक्सिन म्हणजे एलपीएस, म्हणजे तुमच्या मॅक्रोफेजला न सांगता प्रायमिंग झालं, सूजेची आधीची तयारी झाली. काचेची भांडी २५० डिग्रीला अर्धा तास तरी भाजा, आणि पेशींना लागणारं पाणी विकतचं एंडोटॉक्सिन-फ्री घ्या, तिथं पैसे वाचवू नका.

कॅल्शियम कसं बघायचं

फ्युरा-२ असेल तर उत्तम. रॉजर त्सिएन यांच्या गटानं १९८५ मध्ये बनवलेला, कॅल्शियम चिकटलं की चमक बदलणारा डाय, ३४० आणि ३८० नॅनोमीटरला आळीपाळीनं उजेड टाकायचा, ५१० ला मोजायचं, दोन्हीचा रेशो काढायचा. रेशो असल्यामुळं एका पेशीत डाय कमी एकीत जास्त असला तरी फरक पडत नाही. आपल्या बऱ्याच कॉलेजात ही सोय नसते, तिथं फ्लुओ-४ आणि साधा फ्लुओरेसन्स प्लेट रीडर चालतो, फक्त प्रत्येक वेल स्वतःच्या सुरुवातीच्या पातळीशी भागून दाखवायचा. दोन ते पाच मायक्रोमोलर डाय, थोडं प्लुरॉनिक एफ-१२७, अर्धा-पाऊण तास अंधारात, धुवा, मग अजून वीस मिनिटं द्या म्हणजे आतली एस्टरेज एन्झाइम डायची शेपटी पूर्ण कापतील.

मॅक्रोफेजची एक खोड आहे, डाय बाहेर फेकतात. म्हणून सगळे ते फेकणं अडवणारं प्रोबेनेसिड घालतात. पण प्रोबेनेसिड पॅनेक्सिन-१ पण बंद करतं, आणि पॅनेक्सिन-१ हा एटीपी बाहेर पडायचा एक रस्ता आहे, म्हणजे डाय वाचवायच्या नादात तुम्ही साखळीची एक कडी नकळत तोडलेली असते. कॅल्शियमसाठी प्रोबेनेसिड वापरलं असेल तर आयएल-१ बीटाच्या प्लेटमध्ये ते नको, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडताना हे लिहा.

रीडिंग घेताना सुरुवातीचे दोन-तीन मिनिटं काही न टाकता पातळी सपाट आहे का बघा. मग पेरॉक्साइड. आणि आता थांबा. टीआरपीएम२ चा निरोप पार्प-पार्ग करत फिरून येतो, त्यामुळं कॅल्शियम लगेच उडी मारत नाही, काही मिनिटं जातात, मग चढतं आणि चढतच राहतं. कितीतरी पोरं दोन मिनिटं बघून "रिस्पॉन्स नाही" म्हणून प्लेट फेकून देतात. अर्धा तास तरी बघा. उलट पेरॉक्साइड पडल्या पडल्या काही सेकंदात उसळी आली तर आधी शंका घ्या, ढवळल्यामुळं आलं का, टीआरपीए१ आहे का, की डायवरच परिणाम झाला. फक्त बफर टाकलेला वेल म्हणूनच लागतो. शेवटी प्रत्येक वेलमध्ये कॅल्शियम थेट आत सोडणारं आयोनोमायसिन टाकून वरची मर्यादा बघून घ्या, पेशी जिवंत होत्या आणि डाय शाबूत होता याचा तोच पुरावा.

तापमान! हे आपल्या भागात सगळ्यात जास्त सांभाळायचं. टीआरपीएम२ उष्णता पण ओळखतं, आणि २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की पेरॉक्साइड मिळालं की त्याचा उघडायचा उंबरठा खाली येतो, शरीराच्या तापमानाला पण ते उघडायला लागतं. म्हणजे एसी चालू असलेल्या २२ डिग्रीच्या खोलीत आणि मेमध्ये एसी बंद पडलेल्या ३८ डिग्रीच्या खोलीत तोच डोस, त्याच पेशी, पण चॅनेल वेगळं वागणार. पेपरात "रूम टेंपरेचर" लिहून मोकळं होता येतं, पण डिसेंबरमधलं आणि मेमधलं आमचं रूम टेंपरेचर एक नाही. प्लेट रीडर ३७ वर सेट करा, प्लेट आत ठेवून पंधरा मिनिटं तापू द्या, बफर पण ३७ चंच टाका, आणि खोलीचं तापमान वहीच्या कोपऱ्यात लिहीत जा.

आता कड्या तोडायच्या

पेरॉक्साइड तोडा: कॅटालेज आधी टाकून मग पेरॉक्साइड द्या. सगळं शांत व्हायला पाहिजे. उकळून मेलेलं कॅटालेज हा त्याचा कंट्रोल, त्यानं शांत व्हायला नको. एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन पण लोक वापरतात, पण ते आम्लधर्मी असतं, पीएच ७.४ ला आणून मगच घाला, नाहीतर पीएचचा परिणाम अँटिऑक्सिडंटच्या नावावर जातो.

निरोप तोडा: पीजे३४ सारखं पार्प इनहिबिटर. कॅल्शियम कमी झालं तर एडीपी-रायबोजचा रस्ता खरा. टीआरपीए१ असतं तर याचा फरक पडायला नको होता, म्हणून ही कडी मला फार मोलाची वाटते.

दरवाजा तोडा: इथंच त्या पोरीचं क्लोट्रिमाझोल येतं. क्लोट्रिमाझोल, फ्लुफेनामिक अ‍ॅसिड, एसीए, २-एपीबी, सगळी टीआरपीएम२ बंद करतात हे खरं, पण सगळी इतर चॅनेललाही हात लावतात. क्लोट्रिमाझोल तर पोटॅशियमचं केसीए३.१ चॅनेल पण अडवतं, आणि पोटॅशियम बाहेर जाणं हाच एनएलआरपी३ चा इशारा! मग आयएल-१ बीटा कमी झालं ते टीआरपीएम२ मुळं की पोटॅशियम अडलं म्हणून? औषधावरून सांगताच येणार नाही. खरा पुरावा एसआयआरएनए किंवा क्रिस्परचा, म्हणजे जीनच दाबा किंवा उडवा, आणि नंतर तो परत घालून बघा परिणाम परत येतो का. औषधं वापरायचीच असली तर रचनेनं वेगळी अशी दोन वापरा आणि डीएमएसओचा कंट्रोल दोन्हींना लावा.

आयन तोडा: बाहेरचं कॅल्शियम काढून ईजीटीए घाला. तरी कॅल्शियम वाढलं तर ते ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) सारख्या पेशीच्या आतल्याच साठ्यातून आलंय, बाहेरून नाही. दुसऱ्या प्लेटमध्ये बाहेरचं पोटॅशियम वाढवून, सोडियम तेवढंच कमी करून, ऑस्मोलॅरिटी सारखी ठेवून, आयएल-१ बीटा बघा. आतलं-बाहेरचं पोटॅशियम सारखं झालं की बाहेर जायला उतारच राहत नाही आणि एनएलआरपी३ थंड पडतं.

न बोलावलेला पाहुणा तोडा: पी२एक्स७ साठी ए-७४०००३ किंवा एपायरेज, जे सांडलेलं एटीपी खाऊन टाकतं. यानं सगळा परिणाम गेला तर तुमची गोष्ट मरणाऱ्या पेशींच्या एटीपीची आहे, टीआरपीएम२ ची नाही.

इन्फ्लमेझोम तोडा: एमसीसी९५०, जे एनएलआरपी३ अडवतं. आयएल-१ बीटा जायला पाहिजे पण कॅल्शियम तसंच राहायला पाहिजे. हे दोन्ही एकत्र दिसलं तर कॅल्शियम हे एनएलआरपी३ च्या नंतरचं नाही एवढं कळतं; ते आधीची कडी आहे का हे वरच्या ईजीटीएच्या प्रयोगात आयएल-१ बीटा पण मोजून बघावं लागतं.

आयएल-१ बीटा मोजताना

आधी एलपीएसचं प्रायमिंग तीन-चार तास, त्याशिवाय कच्चं आयएल-१ बीटा बनलेलंच नसतं, मग पेरॉक्साइड. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून पोटॅशियम बाहेर काढणारं नायजेरिसिन, १० मायक्रोमोलरच्या आसपास, अर्धा ते एक तास. नायजेरिसिनलाच काही आलं नाही तर प्रायमिंग फसलंय, पुढची प्लेट वाया घालवू नका.

एलायझावर, म्हणजे अँटिबॉडीनं प्रोटीन मोजायच्या किटवर, आंधळा भरवसा नको. बऱ्याच किट कच्चं आणि पक्कं दोन्ही आयएल-१ बीटा पकडतात, आणि पेशी नुसत्या मेल्या तरी कच्चं बाहेर सांडतं. म्हणून निदान एकदा तरी सुपरनेटंटचा वेस्टर्न करून १७ किलोडाल्टनचा पट्टा आणि कॅस्पेज-१ चा पी२० दाखवा. शेवटचा तास सीरमशिवाय ठेवला तर मेथॅनॉल-क्लोरोफॉर्मनं प्रोटीन खाली बसवता येतं, सीरम असेल तर अल्ब्युमिनचा गोळा सगळं झाकून टाकतो. पेशी मेल्या का बघायला फुटलेल्या पेशीतून सांडणारं एलडीएच एन्झाइम मोजतात, पण पेरॉक्साइडमुळं ते एन्झाइम स्वतःच मार खाऊ शकतं, मग मेलेल्या पेशी कमी दिसतात. सोबत मेलेल्या पेशीतच शिरणारा प्रोपिडियम आयोडाइड डाय लावून घ्या.

पॅच क्लॅम्प

पॅच क्लॅम्प म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून चॅनेलमधला करंट थेट मोजणं. ही सोय मराठवाड्यात सहजासहजी मिळणार नाही, पुण्या-मुंबईला कुणाशी कोलॅबरेशन करावं लागेल. पण जाताना काय मागायचं ते माहीत पाहिजे. होल-सेल मोडमध्ये पिपेटच्या आत एडीपी-रायबोज भरायचं, पार्पची वाट न बघता निरोप सरळ आत दिला असं समजा. करंट लगेच चढतो, करंट-व्होल्टेजचा आलेख जवळजवळ सरळ रेषा येतो आणि शून्य मिलिव्होल्टजवळ उलटतो. बाहेरचे सगळे कॅटायन काढून चॅनेलमधून न जाणारं एनएमडीजी घातलं की आत येणारा करंट जातो. एवढं दिसलं तर टीआरपीएम२ आहे असं ठासून म्हणता येतं, आणि जीन उडवलेल्या पेशीत तेच गायब झालेलं दाखवलं की वाद संपला.

एन किती

एन म्हणजे प्रयोग स्वतंत्रपणे किती वेळा केला. एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे एन तीन नाही, एन एक. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी, नव्यानं मोजलेलं पेरॉक्साइड, तेव्हा दुसरा एन. तिचे ते बारीक एरर बार एकाच दिवसाचे नऊ वेल होते. पिपेटिंग छान आहे एवढंच त्यातून कळतं.

निकाल आला, आता वाक्य कसं लिहायचं

२००८ मध्ये क्योटोच्या यासुओ मोरी यांच्या गटानं नेचर मेडिसिनमध्ये दाखवलं की टीआरपीएम२ नसलेल्या उंदरांमध्ये डीएसएस या रसायनानं केलेला आतड्याचा दाह कमी होतो, मोनोसाइटमधून केमोकाइन कमी येतात. सगळ्यांना वाटलं, झालं, चॅनेल बंद करा, सूज बंद. पण २०१२ मध्ये नेचर इम्युनॉलॉजीत उलटं आलं. टीआरपीएम२ नसलेल्या उंदरांना एंडोटॉक्सिन दिलं तर फुप्फुसातला दाह वाढला आणि जास्त उंदीर दगावले. मग २०१३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये परत, टीआरपीएम२ हे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि एनएलआरपी३ यांना जोडतं.

मी हे पहिल्यांदा ओळीनं वाचलं तेव्हा दोन दिवस डोकं चाललं नाही. उत्तर विजेत आहे. एनएडीपीएच ऑक्सिडेज सुपरऑक्साइड बनवताना इलेक्ट्रॉन पडद्यापलीकडं फेकतं, त्यामुळं पडद्याचं व्होल्टेज वर चढत जातं आणि फार चढलं की ऑक्सिडेज स्वतःच दमतं. एचव्ही१ प्रोटॉन बाहेर काढून तो भार हलका करतं म्हणून ऑक्सिडेज चालत राहतं. टीआरपीएम२ उघडलं की उलट होतं, पॉझिटिव्ह आयन आत येतात, व्होल्टेज अजून वर ढकललं जातं, ऑक्सिडेज मंदावतं, आरओएस कमी होतात. म्हणजे ज्या आरओएसनं दार उघडलं त्याच आरओएसचा नळ हे दार बंद करतं. तेच चॅनेल, एका जागी सूज वाढवतं, दुसऱ्या जागी आवरतं. कोणती पेशी, आरओएस बाहेरून ओतलेत की पेशीनं स्वतः बनवलेत, आणि किती वेळानं बघितलं, यावर निकाल फिरतो.

म्हणून बाहेरून पेरॉक्साइड ओतलेल्या प्रयोगात ही मागं फिरणारी कडी दिसणारच नाही, कारण तिथं नळ तुमच्या हातात आहे. ती बघायची असेल तर पेरॉक्साइड न ओतता झायमोसानसारखं काही देऊन पेशीलाच आरओएस बनवू द्या, आणि कॅल्शियमसोबत आरओएस पण वेळेनुसार मोजा. आरओएस मोजायच्या डीसीएफडीए डायवर फार विसंबू नका, तो लोह आणि पेरॉक्सिडेजमुळं पण चमकतो, अ‍ॅम्प्लेक्स रेड किंवा सायटोक्रोम सी बरं.

त्या पोरीनं नवी बाटली काढली, मोजली, पीएमएनंतर आराम दिला, आणि ऑगस्टपर्यंत कड्या तोडत बसली. पीजे३४ नं कॅल्शियम बरंच खाली आलं, एसआयआरएनएनं पण. आयएल-१ बीटा मात्र अर्धवटच कमी झालं, आणि एपायरेज घातल्यावर उरलेलं बरंचसं गेलं. थिसिसच्या मसुद्यातलं "टीआरपीएम२ मुळं सूज येते" हे वाक्य तिनं खोडलं आणि त्याजागी लिहिलं: पीएमए देऊन आराम दिलेल्या टीएचपी-१ पेशींमध्ये, ३७ डिग्रीला, सीरमशिवाय, बाहेरून दिलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळं वाढणारं कॅल्शियम मुख्यतः पार्प आणि टीआरपीएम२ मार्गे येतं, आणि आयएल-१ बीटाच्या वाढीत त्याचा काही वाटा आहे, दुसरा वाटा बाहेर सांडलेल्या एटीपीचा आहे.